प्रवाळांविरुद्ध केलेली तक्रार

प्रथम तारखा आणि जबाबदार व्यक्ती. दिवाणी न्यायालयात बेंच क्लार्क म्हणून हयात घालवलेल्या माणसाला दुसऱ्या रीतीने सुरुवात करता येत नाही. तारखा तिथीने देत आहे. त्याचे कारण पुढे येईल.

माघ शुद्ध द्वितीया, सकाळ. कच्छच्या आखातातील एका किनाऱ्यावर, ओहोटीने उघड्या पडलेल्या प्रवाळांच्या खडकावर गंधकाचा वास आला. त्याचे कारण तेथील वाटाड्याने जागच्या जागी सांगितले. ते ऐकून घेतले गेले नाही. जबाबदार : मी.

माघ शुद्ध पंचमी. सुरतेहून नऊ कलमांची तक्रार रजिस्टर टपालाने रवाना झाली. त्यातील सातवे कलम त्या वाटाड्याविरुद्ध होते. जबाबदार : मी, आणि साक्षीदार म्हणून सही करणारे माझे शेजारी, ज्यांचे नाक मात्र निर्दोष आहे.

फाल्गुन वद्य दशमी. वाटाड्याचे ओळखपत्र 'चौकशी पूर्ण होईपर्यंत' जमा करून घेण्यात आले. जबाबदार : परवाने देणाऱ्या कचेरीतील ते अधिकारी, ज्यांनी माझे सातवे कलम वाचले आणि उरलेली आठ वाचली नाहीत.

चैत्र वद्य अष्टमी, दुपार. स्थळपाहणी. जबाबदार : पाहणीला गेलेले गृहस्थ, ज्यांनी पंचांग पाहिले नाही.

पाडव्याच्या आठवड्यापासून आजतागायत माझी चार पत्रे. उत्तर एकाचे आले, तेही नसते आले तर बरे झाले असते. जबाबदार : तीच कचेरी.

जन्मभर मी इतरांच्या नावाने अशा याद्या केल्या. स्वतःचे नाव मथळ्याशी लिहिण्याची ही पहिली वेळ. प्रश्न एकच आहे. दिवाळीनंतर समुद्र निवळला की त्या खडकावर माणसे पुन्हा येऊ लागतील. त्यांना घेऊन जाण्यात ज्याचे आयुष्य गेले, तो माणूस माझ्या एका वाक्यामुळे काठावर बसून राहील. ते वाक्य मला परत घ्यायचे आहे, आणि ते परत घेऊ दिले जात नाही.

आता हे घडले कसे ते सांगतो.

आमचे घर सुरतेत, गोडादऱ्यात, तिसऱ्या मजल्यावर. नैऋत्येचा वारा सुटला की पांडेसऱ्याच्या रंगकामाच्या कारखान्यांचा वास आमच्या बैठकीच्या खोलीपर्यंत येतो. या वासांची मी एक वही ठेवली आहे. तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, वासाचा प्रकार आणि तो किती काळ टिकला. आता ती चौथी वही आहे. लोक निवृत्तीनंतर माळ ओढतात, मी ही वही लिहितो, आणि माझ्या मते दोहोंचे फळ सारखेच आहे : मन ठिकाणावर राहते. एका कारखान्याने माझ्या अकराव्या पत्रानंतर मागच्या बाजूचा उघडा नाला झाकला. त्या दिवशी माझ्या पत्नीने शिरा केला होता.

वासाचा प्रकार ठरवण्याचे काम मात्र माझे नाही. ते तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांचे. मूळ धुळे जिल्ह्यातले; पांडेसऱ्यात गंधकाच्या काळ्या रंगाच्या टाक्यांवर त्यांनी तारुण्य आणि म्हातारपणाचा आरंभ घालवला. घरात ते अहिराणी बोलतात आणि माझ्याशीही. वास आला की मी खिडकीतून वाकून विचारतो, "भाऊ, कसला?" आणि ते चहाची बशी खाली न ठेवता निकाल देतात.

"गंधकना. काया रंग चालू शे आज."

"नक्की?"

"तुम्हना कागद, मन्हं नाक. मी तुम्हना कागदले इचारस का, नक्की का म्हनीसन?"

या नाकाचा निकाल आजवर एकदाही फिरलेला नाही. पुढे जे झाले तेही नाकाच्या चुकीने झाले नाही, हे येथेच नोंदवून ठेवतो.

माझी पत्नी मराठी शाळेत विज्ञान शिकवत असे. प्रवाळांचा धडा तिने तीस वर्षे शिकवला आणि प्रवाळ एकदाही पाहिले नव्हते. द्वारकेच्या दर्शनाला जायचे ठरले तेव्हा तिने एकच अट घातली : परतीच्या वाटेत एक सकाळ समुद्रात चालायची. शेजारी बरोबर निघाले, कारण त्यांच्या मंडळींनी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा आमच्या डब्यात आधीच भरून दिला होता आणि आपली भाकरी आपल्याशिवाय गावाला जावी हे त्यांना पसंत नव्हते.

त्या किनाऱ्याची रीत अशी आहे की नावेची गरज पडत नाही. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या आसपास उधाण असते. भरती जेवढी वर चढते तेवढीच ओहोटी खोल जाते, आणि सकाळी काही काळ समुद्राचा तळ उघडा पडतो. त्या वेळात आत चालत जायचे आणि पाणी वळण्यापूर्वी परत यायचे. वाटाडे तिथीवरून वेळ सांगतात. आमच्या वाटाड्याने आदल्या दिवशी फोनवर सांगितले होते, "काले महा सुद बीज. सवारे साडा सात वागे काठे आवी जजो." दिनांक त्याने सांगितला नाही आणि मी विचारलाही नाही. महा सुद बीज म्हणजे माघ शुद्ध द्वितीया; सुरतेत इतकी वर्षे काढल्यावर सुद आणि वद मला परके राहिलेले नाहीत.

तो पन्नाशीचा, शिडशिडीत, गुडघ्यापर्यंत विजार दुमडलेला माणूस होता. हातात वेळूची काठी. काठावरच त्याने आम्हाला तीन गोष्टी बजावल्या, आणि मला त्या फार आवडल्या, कारण त्यांत एकही शब्द फाजील नव्हता. तो पाय ठेवील तेथेच पाय ठेवायचा. काहीही उचलून खिशात घालायचे नाही. दगड उलटा केला तर तसाच परत ठेवायचा. "कोईनुं घर छे," तो म्हणाला.

मग आम्ही चालू लागलो. घोटाभर पाण्यातून, काठीच्या टकटकीमागून, एका ओळीत. त्याने एक दगड उचलून त्याखालचा खेकडा दाखवला आणि झाकण लावावे तसा दगड परत बसवला. पुढे प्रवाळ लागले. माझी पत्नी खाली वाकली आणि बराच वेळ उठलीच नाही. घुमटासारखे, मेंदूच्या वळ्यांसारखे, मातकट हिरवे गोळे. पाणी उतरल्यामुळे उघडे पडलेले आणि अंगावर बुळबुळीत पातळ थर आलेले. कोवळ्या उन्हात तो थर चमकत होता.

"फळ्यावर मी यांना नेहमी लाल खडूने काढले," ती म्हणाली. "तीस वर्षे."

शेजाऱ्यांनी आपल्या बोटातली मंगळाची अंगठी पुढे धरली आणि खालच्या गोळ्याशी ताडून पाहिली. "हाई पोवयं? मन्ह्या अंगठीमा ते लाल शे. जोतिषीनी माले फसाडं का समुंदरनी?"

वाटाडा हसला. लाल पोवळे निराळ्या जातीचे, खोल पाण्यातले, असे त्याने समजावले. आम्ही सगळेच हसत होतो. माझ्या आठवणीत ती सकाळ अजून तशीच आहे, स्वच्छ आणि हलकी, आणि पुढे मी जे केले त्यामुळेही ती डागाळलेली नाही. हे कदाचित योग्य नसेल, पण खरे आहे.

ऊन चढू लागले आणि वास आला.

माझे शरीर या बाबतीत माझ्या आधी हलते. मी थांबलो, वाऱ्याची दिशा पाहिली आणि शेजाऱ्यांकडे वळलो. त्यांनी डोळे मिटले, दोनदा श्वास घेतला.

"गंधक."

"भाऊ, समुद्रात?"

"समुंदर असो का सासरवाडी. गंधक."

दूर काठावर धुक्यात दोन धुराडी दिसत होती. माझ्यापुरता खटला तेथेच संपला. मी वाटाड्याला विचारले, येथे कोण सांडपाणी सोडते? तो म्हणाला, कोणी नाही. मग हा वास कशाचा? त्याने काठी खाली टेकवून प्रवाळांकडे बोट केले.

"आ परवाळांनी वास छे, साहेब. पाणी ऊतरे ने तडको लागे, एटले ए पोते छोडे छे."

पाणी उतरून ऊन लागले की हे स्वतःच वास सोडतात, एवढेच तो सांगू शकला; मी त्याला पुढे बोलू दिले नाही. आपण वाटाडे आहात, तज्ज्ञ साक्षीदार नव्हे, असे काहीसे मी त्याला गुजरातीत सुनावले. न्यायालयात मी हजारो वेळा ऐकलेले तत्त्व आहे की दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकल्याशिवाय निवाडा करू नये. ते मी कानांनी ऐकत आलो होतो एवढेच. परतीच्या वाटेवर वाटाड्याने आणखी जपून, आणखी सावकाश पाय टाकले, कारण पाणी वळले होते आणि माझे लक्ष धुराड्यांवर होते. खळग्यात पडता पडता दोनदा त्याने मला दंडाला धरून सावरले.

सुरतेला परतल्यावर तीन दिवसांत मी तक्रार तयार केली. ते तीन दिवस मी अत्यंत सुखात होतो, हे कबूल केले पाहिजे. खिडकीजवळचे टेबल, समास आखलेले कागद, बाजूला चहा, आणि एकामागून एक येणारी कलमे. तक्रार गुजरातीत होती. न्यायालयातली गुजराती, ज्यात एकही वाक्य अर्ध्या पानाच्या आत संपत नाही. सातव्या कलमाचा आशय असा : स्थानिक वाटाड्यास सदर दुर्गंधीचे खरे कारण ज्ञात असूनही तो पर्यटकांस 'हा प्रवाळांचाच वास आहे' असे सांगून दोषी कारखानदारांस पाठीशी घालतो.

पत्नीने कच्चा मसुदा वाचला.

"सातवे काढा."

"का?"

"तो खोटे बोलला कशावरून?"

"खरे बोलला कशावरून?"

"मला माहीत नाही. म्हणूनच म्हणते, काढा."

मी काढले नाही. आठ कलमांची तक्रार मला अपुरी वाटली. याहून मोठे कारण माझ्यापाशी नव्हते आणि आज शोधूनही सापडत नाही.

पाडव्याच्या सकाळी गुढी उभारून आम्ही नुकतेच बसलो होतो. वाटाड्याचा फोन आला. त्याने काढलेली आमची छायाचित्रे पत्नीने मागवून घेतली होती, त्यामुळे त्याच्याकडे नंबर होता. तो रागावलेला नव्हता. रागावलेल्या माणसाला कसे तोंड द्यावे ते मला येते. हे मला येत नव्हते.

"साहेब, तमे बहु सरस लखो छो," त्याने माझ्या लिहिण्याची तारीफ केली. "कचेरीमां मने आखुं वांची संभळाव्युं." मग म्हणाला, "पण सातमुं खोटुं छे."

कचेरीत त्याला सगळी तक्रार वाचून दाखवली होती; ओळखपत्र जमा झाल्याचे त्याने त्यानंतर सांगितले, जणू ती दुय्यम बाब होती. धुराड्यांच्या मालकांकडून वकिलांची उत्तरे आली होती. उत्तर देण्यासाठी ज्याच्याकडे वकील नव्हता असा तक्रारीत एकच माणूस होता.

पत्नीने माझ्या हातातून फोन घेतला आणि त्याला वर्गातल्या हुशार मुलाला विचारावे तसे एकेक प्रश्न विचारले. हा वास रोज येतो का? नाही. केव्हा येतो? अमावास्या आणि पुनवेनंतरच्या बीज-त्रीजेला, सकाळी, खडक उघडा पडून ऊन लागले की. अष्टमीला? "आठमे तो पाणी खडक छोडे ज नहीं, बेन." उन्हाळ्यात जास्त येतो का? येतो, पण फार तापून जे प्रवाळ पांढरे पडले होते, तेथे पुढे तो वास त्याला आला नाही. हे सगळे तिने पंचांगाच्या मागच्या कोऱ्या पानावर उतरवून घेतले. मग तिने आपल्या एका जुन्या विद्यार्थिनीला फोन लावला, जी आता समुद्रावरच्या हवेचे नमुने तपासण्याचे काम करते. दोघी तासभर बोलल्या. मी श्रीखंड न खाता बसून होतो.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात एक कोबी पाण्यात उकळत ठेवलेला मला दिसला. मीठ नाही, फोडणी नाही. तो इतका वेळ उकळला की त्याचा लगदा झाला. शेजाऱ्यांना वर बोलावण्यात आले.

"डोळे मिटा," पत्नी त्यांना म्हणाली आणि झाकण काढले.

त्यांनी दोनदा श्वास घेतला आणि डोळे उघडलेच नाहीत. "वहिनी, हाई ते तठलंच! समुंदरवरलं!"

"गंधक?"

"गंधकच. पन कारखानानं नही. हाई येगयं शे. तठे बी येगयंच व्हतं." मग त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिले. "तुम्ही माले 'कोनता गंधक' आसं इचारंच नही, दादा."

खरे होते. वेगळा कोणता, हे मी विचारले नव्हते. साक्षीदाराला मी अर्धाच प्रश्न केला होता.

त्या दुपारी मला माझ्याच घरात विज्ञानाचा धडा शिकवला गेला, तो येथे माझ्या शब्दांत देतो. प्रवाळाच्या शरीरात डोळ्यांना न दिसणारी शेवाळे वस्तीला असतात. ती शेवाळे आणि प्रवाळ स्वतः, दोघेही गंधक असलेला एक पदार्थ तयार करतात. प्रवाळावर ताण आला, म्हणजे पाणी सोडून गेले, ऊन तळपू लागले, उष्णता वाढली, की त्या पदार्थापासून निघणारा वायू अधिक प्रमाणात हवेत सुटतो. कोबीच्या पातेल्यातून आला तो याच जातीचा. समुद्राचा म्हणून जो वास आपण ओळखतो, त्यातही त्याचा वाटा असतो. हवेत गेल्यावर उन्हाने त्याचे रूप पालटते आणि शेवटी त्याचे अतिसूक्ष्म कण होतात.

"आणि कण कशाला लागतात ते बघा," असे म्हणून तिने प्लास्टिकची एक बाटली घेतली. तळाशी थोडे कोमट पाणी, झाकण घट्ट. बाटली दाबून सोडली; आत काहीच झाले नाही. मग झाकण उघडून देवघरातली उदबत्ती क्षणभर तोंडाशी धरली, धूर आत जाऊ दिला, झाकण लावले, पुन्हा दाबले आणि सोडले. बाटलीत ढग झाला. दाबले की नाहीसा, सोडले की हजर. शेजाऱ्यांनी बाटली हातात घेतली आणि पुढची दहा मिनिटे ते ढग करत आणि मोडत बसले.

"वाफेला नुसते थंड होऊन भागत नाही," ती म्हणाली. "बसायला जागा लागते. धुराचा कण, मिठाचा कण, नाहीतर प्रवाळाने सोडलेल्या वायूचा कण. असे कण वाढले तर ढग दाट होऊ शकतात, आणि ढग दाट झाले तर खालच्या पाण्यावर सावली."

"म्हणजे त्याला ऊन लागले की तो वर अर्ज करतो," मी म्हणालो, "आणि त्याच अर्जावर त्याला सावलीचा अंतरिम दिलासा मिळतो."

"अर्ज वगैरे काही नाही. त्याला वर कोणी आहे हेही ठाऊक नाही. आणि दिलासा मिळतोच असे कोणी म्हटलेले नाही." तिच्या विद्यार्थिनीने बजावून सांगितले होते की प्रवाळ हा वायू सोडतात, ताण आला की जास्त सोडतात, हे मोजलेले आहे; पण एकट्या प्रवाळांमुळे आकाशात किती फरक पडतो यावर अभ्यासकांचे एकमत नाही. उरलेल्या समुद्रातली शेवाळे, जमिनीवरची धूळ, आमच्या धुराड्यांचा धूर, हे सगळे त्याच हवेत मिसळलेले असते. आणि ताणालाही मर्यादा आहे. समुद्र फार दिवस तापून राहिला की प्रवाळ आपल्या अंगातली शेवाळे टाकून देतो आणि पांढरा पडतो. जो हा वायू निर्माण करतो तोच खंगला की हवेत जाणारे प्रमाणही घटू शकते.

वाटाड्याने फोनवर जे सांगितले होते तेच हे होते. त्यात फक्त आकाश वाढले होते. पांढरे पडल्यावर वास येत नाही, हे त्याने कोणत्याही उपकरणाशिवाय, वर्षानुवर्षे त्या खडकावर चालून, मला एका वाक्यात सांगून टाकले होते. आणि त्या माणसाविरुद्ध मी लिहिले होते की त्याला खरे कारण ज्ञात आहे. तेवढा भाग खरा निघाला.

मी त्याच आठवड्यात तक्रार मागे घेत असल्याचे पत्र पाठवले. सातवे कलम असत्य आहे, ते लिहिणारा मी आहे, वाटाड्याचा खुलासा बरोबर होता, वास नैसर्गिक आहे. चारच वाक्ये. माझ्या आयुष्यातले सर्वांत आखूड पत्र.

त्यावर कचेरीकडून जे एकमेव उत्तर आले त्याचा सारांश देतो, कारण मूळ उत्तर वाचताना माझा रक्तदाब अजूनही वाढतो. नोंदणी झालेली तक्रार मागे घेण्याची तरतूद नाही. दरम्यान स्थळपाहणी करण्यात आली असून पाहणीच्या वेळी कोणताही वास आढळला नाही. सबब 'वास प्रवाळांचा आहे' हा वाटाड्याचा खुलासा सिद्ध होत नाही. चौकशी चालू आहे.

पाहणीचा दिनांक दिलेला होता. मी पंचांग उघडले. चैत्र वद्य अष्टमी.

अष्टमीच्या सुमारास भांग असते. भरती चढत नाही आणि ओहोटी उतरत नाही. दुपारी पाणी थोडे मागे सरल्यासारखे दिसते, पण प्रवाळांचा खडक हातभर पाण्याखाली सुखात असतो. ज्याच्यावर ताणच नाही तो काय सोडणार? काठावरच्या चहावाल्यानेही त्या गृहस्थांना सांगितले असते की आज परत जा आणि बीजेला या. त्यांनी टेबलावरच्या कॅलेंडरातला मोकळा वार पाहिला, मोटारीने आले, कोरड्या बुटांनी काठावर उभे राहिले, हुंगले, आणि गेले. त्यांच्यात आणि माझ्यात फरक एवढाच की मी वास घेऊन चुकीचा निष्कर्ष काढला आणि त्यांनी वास न घेता काढला. दोन्ही वेळा माणूस तोच भरडला गेला.

त्यानंतरच्या तीन पत्रांत मी भरती-ओहोटीचे कोष्टक जोडले, शेजाऱ्यांचे नव्याने दिलेले शपथपत्र जोडले, आणि तिसऱ्यात पत्नीच्या आग्रहावरून कोबीच्या प्रयोगाची कृतीही जोडली. उत्तर नाही.

माझ्या वासाच्या वहीत आता एक नवा रकाना आहे : 'संबंधितांस विचारले काय?' परवा त्यात पहिल्यांदा 'होय' लिहिले. वास पांडेसऱ्याचा नव्हता. मागच्या गल्लीत कोणी तरी गोणपाट जाळत होते. शेजाऱ्यांनी हे बसल्या जागी सांगितले होते, तरी मी खाली उतरून विचारून आलो. "आते नाकना बी जामीन लागस का?" असे ते म्हणाले. लागतो, असे मी सांगितले. मग आम्ही त्यांच्या ओट्यावर बसून चहा घेतला, आणि मला खूप बरे वाटले.

दसऱ्याला मी वाटाड्याला फोन केला. दर महिन्याला करतो. तो आता जाळी विणून देतो; समुद्राकडे पाठ करून बसावे लागते, एवढीच त्याची कुरकुर. मी त्याला म्हणालो की या वेळी कार्तिकी पुनवेनंतर मी स्वतः येणार आणि त्या खडकावर उभा राहणार, कोणी अडवले तरी.

"आवो ने," तो म्हणाला. "मने काठे बेसाडीने तमे एकला जजो. पण साहेब, पग क्यां मूकशो?"

पाय कुठे ठेवणार, हे विचारताना तो हसत होता. मलाही हसू आले, आणि फोन ठेवल्यावर मी टेबलाशी जाऊन बसलो आणि हे जाहीर पत्र लिहायला घेतले.

सुरतेत लाभपंचमीपर्यंत बाजार उघडत नाही, म्हणून मी कचेरीलाही तेवढी सवड देतो. त्यानंतर कार्तिक पौर्णिमा येईल आणि तिच्या मागोमाग वद्य द्वितीया. त्या सकाळी साडेसात वाजता मी त्या काठावर असेन. माझी पत्नी असेल, आणि जगातले सर्वांत विश्वासार्ह नाक घेऊन माझे शेजारी असतील. ज्यांनी अष्टमीला पाहणी केली त्यांनी आणि ज्यांनी ओळखपत्र जमा करण्याच्या आदेशावर सही केली त्यांनी तेथे यावे. पायांत जुनी पादत्राणे घालावीत. वाटाडा पाय ठेवील तेथेच पाय ठेवावा, ऊन चढेपर्यंत थांबावे, आणि श्वास घ्यावा.

मग त्यांनी उत्तर द्यावे. ते मला टपालाने नको. कचेरीबाहेरच्या ज्या फळ्यावर त्या माणसाचे ओळखपत्र जमा केल्याची नोटीस अजून डकवलेली आहे, त्याच फळ्यावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला वाचता येईल असे लिहावे की तो खरे बोलला होता की खोटे. शेजारी डकवण्यासाठी माझे सातवे कलम मी आडवी रेघ मारून, खाली 'हे मी न विचारता लिहिले' असे नमूद करून आणि सही करून बरोबर आणीत आहे. माझे उत्तर मी जाहीरपणे दिले. आता आपले द्या.